आशियाई राज्यशास्त्राचे अध्ययन (हिंगोली जिल्हा)

आशियातील राज्यसंस्था, त्यांच्या राज्यघटना, पक्षपद्धती, परराष्ट्रनीती व परस्परसंबंध यांचा राज्यशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात होणारा विशेष अभ्यास. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांत तो आंतरराष्ट्रीय संबंध, भारताचे परराष्ट्र धोरण व तौलनिक शासनपद्धती या विषयांच्या अंगाने केला जातो.

हिंगोली हे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालील परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असल्यामुळे येथील उच्च शिक्षणाचा पूर्वेतिहास हैदराबादेशी निगडित आहे. निजामाच्या फर्मानाने निघालेल्या व १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे अध्यापनाचे माध्यम ठरविले आणि पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ त्या भाषेत आणण्यासाठी दारुल तर्जुमा हे स्वतंत्र खाते उघडले. तेलुगू, मराठी व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेवर दरबारची भाषा लादली गेली, हा त्या व्यवस्थेतील उघड अन्याय होय. परंतु देशी भाषेतून शास्त्र शिकवावयाचे तर आधी ग्रंथांची तरतूद करावी लागते, ही जी दृष्टी त्या खात्यामागे होती, ती पुढे मराठी प्रदेशातील विद्यापीठांनी जितक्या निष्ठेने स्वीकारावयास हवी होती तितकी स्वीकारली नाही.

दिल्लीत मार्च १९४७ मध्ये आशियाई संबंध परिषद भरली तेव्हा हिंगोलीचा रहिवासी निजामाचा प्रजाजन होता. १९५५ मध्ये बांडुंग येथे एकोणतीस आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले तेव्हा तोच मनुष्य प्रौढ मताधिकाराने मतदान केलेला नागरिक झाला होता. संस्थानी सत्तेचा अस्त, सरहद्दींची फेरआखणी आणि प्रजेचे नागरिकांत रूपांतर हे आशियाच्या आधुनिक राजकारणाचे मुख्य विषय या जिल्ह्याने एका पिढीत अनुभवले. म्हणून येथील विद्यार्थ्यास आशियाचा अभ्यास परका वाटण्याचे कारण नाही.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झाले. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. येथील महाविद्यालये नांदेड विद्यापीठाशी संलग्न असून त्यांत हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय, वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय व औंढ्याचे नागनाथ महाविद्यालय यांचा समावेश होतो.

अध्यापनात सार्कला (स्थापना ढाका, ८ डिसेंबर १९८५) व आसियानला (बँकॉक, ८ ऑगस्ट १९६७) ठरलेले स्थान आहे. सार्कच्या सनदेने द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवले आणि निर्णयास एकमत आवश्यक केले, यावरून त्या संघटनेच्या मंदगतीची मीमांसा करण्यात येते. तथापि राज्यघटनांच्या तुलनेचा भाग याहून अधिक फलदायी आहे, आणि त्यास द्यावा तितका अवकाश क्वचितच दिला जातो. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनुसार ७५३ स्थानिक शासनसंस्था निर्माण होऊन त्यांना स्वतःचे घटनादत्त अधिकार मिळाले. तेथील प्रत्येक प्रभाग समितीत दोन स्त्रिया, आणि त्यांपैकी एक दलित स्त्री, असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात असून त्रिस्तरीय पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ज्याच्या घरची वा शेजारची स्त्री ग्रामपंचायतीची सदस्य आहे, अशा सेनगाव-कळमनुरीकडील विद्यार्थ्याने या दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर अधिकार कागदावरून हातात कसा येतो आणि कोठे अडतो, हे त्याला कोणत्याही पाश्चात्त्य सिद्धान्तग्रंथाच्या साहाय्यावाचून उमगू शकते.

जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे, ही बाबही या अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्वाची होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये रंगून येथील आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले; काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध व मार्क्स यांच्या मार्गांची तुलना केली. लोकशाही, साम्यवाद व धर्म यांचा आशियाच्या संदर्भात एकत्र विचार करणारे ते भाषण अभ्यासक्रमात केवळ राजकीय विचारवंतांच्या पत्रिकेपुरते न ठेवता प्रादेशिक अभ्यासातही आणावयास हवे. व्यापाराच्या अंगानेही आशिया येथे दूर नाही : वसमत-हिंगोली हा हळदीचा मुलूख, आणि भारतीय हळदीच्या ग्राहक देशांत बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती व इराण प्रमुख आहेत.

मराठीतून पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण मूळ साधनांची आहे. शेजारी देशांच्या राज्यघटना, करारनामे व संसदीय वृत्तान्त मराठीत सहजी मिळत नाहीत. संक्षिप्त मार्गदर्शिकांवर विसंबून परीक्षा पार पडते, पण चिकित्सा घडत नाही. प्रादेशिक अभ्यासास त्या प्रदेशाची भाषा लागते, आणि तिची सोय साधारणतः जिल्ह्याबाहेर पाहावी लागते. पुढील अध्ययनासाठी मुंबई विद्यापीठाचे मध्य युरेशिया अध्ययन केंद्र, पुणे विद्यापीठाचे संरक्षण व सामरिकशास्त्र आणि परकीय भाषा हे विभाग, तसेच दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था उपलब्ध आहेत. १९५५ मध्ये निघालेली ही संस्था १९७० मध्ये त्या विद्यापीठात विलीन झाली आणि तिच्यात पूर्व, दक्षिण व पश्चिम आशियाचा अभ्यास स्वतंत्रपणे चालतो.