अमेरिकी काँग्रेस : विधेयक नेमके कोठे अडते?

रोजगाराधारित ग्रीन कार्डांवरील देशनिहाय सात टक्क्यांची मर्यादा उठवणारे विधेयक १० जुलै २०१९ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटनेही त्याच विषयावरील आपले विधेयक, कोणाचाही आक्षेप न येता, मंजूर केले. तरीही कायदा झाला नाही आणि भारतीय अर्जदारांची रांग होती तेथेच राहिली. दोन्ही सभागृहे अनुकूल असूनही असे का घडले, हे समजून घेताना या विधिमंडळाच्या कारभाराचा बराचसा उलगडा होतो.

राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाने कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसकडे सोपवला आहे. प्रतिनिधिगृहाचे ४३५ सदस्य लोकसंख्येच्या प्रमाणात, दोन वर्षांसाठी निवडले जातात. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, मुदत सहा वर्षांची. कॅलिफोर्निया असो वा वायोमिंग, दोघांचे वजन सारखे. ही १७८७ च्या घटनासभेतील मोठ्या आणि छोट्या राज्यांमधली तडजोड होय. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत आणि गोव्याला एक. त्यामुळे सिनेटला राज्यसभेच्या मापाने मोजणे फसवे ठरते. अधिकारांतही तोच फरक दिसतो. करविषयक विधेयके प्रतिनिधिगृहातच मांडावी लागत असली तरी सिनेट त्यांत दुरुस्त्या करू शकते, तर राज्यसभेला धनविधेयकावर केवळ शिफारशी करता येतात.

भारतातून आलेल्या वाचकाला सर्वांत अपरिचित वाटते ती सरकारी विधेयकाची अनुपस्थिती. मंत्री येथे काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत. राष्ट्राध्यक्षांना हवे असलेले विधेयकही एखाद्या सदस्यालाच मांडावे लागते आणि ते फेटाळले गेले म्हणून सरकार कोसळत नाही. पक्षांतरबंदीसारखा कायदाही नाही. पक्षाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जात नाही.

मांडलेले विधेयक समितीकडे जाते आणि बहुतांश विधेयकांचा प्रवास तेथेच संपतो. इमिग्रेशनचे विषय दोन्ही सभागृहांत न्यायविषयक समितीच्या कक्षेत येतात. तेथून सुटलेल्या विधेयकावर प्रतिनिधिगृहात किती वेळ चर्चा व्हावी, कोणत्या दुरुस्त्या चालाव्यात, हे सहसा नियम समिती ठरवते आणि ती बहुमतवाल्या पक्षाच्या मुठीत असते. एक जवळची वाटही आहे : नियम स्थगित करून, चाळीस मिनिटांची चर्चा, दुरुस्त्यांना मज्जाव, पण मंजुरीला दोन तृतीयांश मते. २०१९ चे विधेयक याच वाटेने गेले.

सिनेटचा स्वभाव निराळा. येथील बरेचसे काम सर्वसंमतीने उरकले जाते. एकाही सदस्याने हरकत घेतली की ही वाट बंद होते, आणि मग चर्चेला पूर्णविराम देण्यासाठी १०० पैकी ६० मते गोळा करावी लागतात. हा उंबरठा घटनेत कोठेही नाही. तो सिनेटने स्वतःच घालून घेतलेला नियम आहे. १९१७ मध्ये तो दोन तृतीयांशांचा होता, १९७५ मध्ये तीन पंचमांशांवर आला. सिनेटर माइक ली यांनी हे विधेयक सर्वसंमतीने संमत करून घेण्याचे प्रयत्न केले, तेव्हा हरकती येत गेल्या. परिचारिकांसाठी काही जागा राखाव्यात, असा रँड पॉल यांचा आग्रह होता. वार्षिक ग्रीन कार्डांची एकूण संख्याच वाढवा, असे डिक डर्बिन यांचे म्हणणे. डर्बिन यांचा मुद्दा निराधार नव्हता. १९९० च्या कायद्याने ठरवलेल्या सुमारे १,४०,००० वार्षिक कोट्यात अर्जदारांचे पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात. तो न वाढवता मर्यादा उठवली, तर एकाची रांग कमी होऊन दुसऱ्याची वाढते.

हरकती दूर करता करता मसुदा बदलला आणि घोडे पेंड खाल्ले ते येथेच. राष्ट्राध्यक्षांकडे जाण्यापूर्वी दोन्ही सभागृहांनी अक्षरशः एकच मसुदा संमत केलेला असावा लागतो. मतभेद मिटवायला संयुक्त समिती नेमता येते, किंवा मसुदा एका सभागृहातून दुसऱ्याकडे फिरवता येतो. मात्र हाती महिनाभरच होता. ३ जानेवारी २०२१ रोजी ११६व्या काँग्रेसची मुदत संपली आणि प्रलंबित विधेयके आपोआप रद्द झाली. नव्या काँग्रेसमध्ये सारे पहिल्यापासून.

तो टप्पा पार झाला असता, तर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळाले असते. त्यांचा नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात.

मताधिकार नसलेल्या वाचकांसाठी एक उपयुक्त बाब. स्थानिक प्रतिनिधीचे कार्यालय मतदारसंघातील रहिवाशांची संघीय खात्यांत अडकलेली कामे हाताळते आणि त्यासाठी सहसा नागरिकत्वाची अट नसते. स्वाक्षरी केलेले संमतिपत्र दिल्यास ते इमिग्रेशन खात्याकडे विचारणा करू शकते. रांगेतील क्रम मात्र त्यांना बदलता येत नाही.