हार्डडिस्क, बाह्य (लॅपटॉपच्या बॅकअपसाठी)

लॅपटॉपमधील कागदपत्रे, फोटो, हिशेब यांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी यूएसबी वायरने जोडायची सुटी डिस्क. आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५ एमबी माहिती मावे. आज मोबाइलमधला एखादा फोटोच तेवढा भरतो.

दुकानात आधी किती टीबी हे विचारले जाते. नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात मात्र पहिला प्रश्न विजेचा असावा. ३.५ इंची डिस्कला भिंतीतल्या सॉकेटमधून वेगळा अडॅप्टर लागतो. वळवाच्या वाऱ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते आणि अर्धवट फाइल, कधी सगळी मांडणीच बिघडते. २.५ इंची डिस्क लॅपटॉपच्याच बॅटरीवर फिरते. घरी इन्व्हर्टर नसेल तर निवड इथेच संपली.

क्षमता लॅपटॉपमधील साठ्याच्या दुप्पट असली की जुन्या प्रतीही राहतात. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. नाममात्र किमतीत मिळणारी '१६ टीबी' मात्र खरी फसवणूक: आत छोटे मेमरी कार्ड असते, ते भरले की पुढची माहिती जुन्या माहितीवरच लिहिली जाते. यूएसबी ३.० वर सेकंदाला सुमारे १०० एमबी या वेगाने ५०० जीबी उतरायला दीड तास लागतो, यूएसबी २.० वर चार तास. फिरत्या चकत्या नसलेली एसएसडी कितीतरी वेगवान, पडली तरी सहसा टिकते. पण महाग, आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट फॉरमॅट घ्यावा. जुन्या फॅट ३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल, म्हणजे लग्नाचा अखंड व्हिडिओ, बसत नाही.

लॅपटॉपवरचे फोटो डिस्कवर टाकून लॅपटॉपवरून पुसले, तर तो बॅकअप नव्हे. प्रत पुन्हा एकच उरली. ही चूक फार सर्रास होते. सतत जोडून ठेवलेली डिस्कही कामाची नाही, कारण रॅन्समवेअर व्हायरस लॅपटॉपसोबत तिलाही कुलूप लावतो. सगळ्या प्रती एकाच जागी असणेही पुरेसे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. ज्या जळालेल्या कागदाची प्रत दुसरीकडे नव्हती, तो कायमचा गेला. म्हणून ४ टीबीच्या एका डिस्कपेक्षा २ टीबीच्या दोन बऱ्या. एक घरात, दुसरी बारामतीत नातेवाइकांकडे, पासवर्ड घालून. महिन्याकाठी तिकडे फेरी होते तेव्हा दोन्हींची अदलाबदल करावी, आणि परत आणलेल्या डिस्कवरच्या चार फाइल उघडून पाहाव्यात.