पानांतील पिवळा पहारेकरी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत वलांडीवर टांगलेले बोंबील ज्या उन्हांत कडकडीत वाळतात, त्याच उन्हांत खाडीकांठचीं तिवराचीं झाडें हिरवींगार उभीं असतात. मुळें खाऱ्या चिखलांत असल्यामुळें त्यांस पाणी जपून वापरावें लागतें. पानांचीं रंध्रें आकुंचित राहतात व आंत कर्बवायु कमी येतो. ऊन मात्र तेवढेंच. मग हें न वापरलेलें तेज जातें कोठें? शास्त्रज्ञांस याचें उत्तर मिळण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

तिवराचें पान गळण्यापूर्वीं पिवळें पडतें. हा रंग बहुतांशीं नवा नसतो. हरितद्रव्य ओसरल्यावर मूळचाच उघडा पडतो. १८३१ सालीं वाकेनरोडर ह्या जर्मन रसायनज्ञानें गाजरांतून कॅरोटीन वेगळें केलें. १८३७ सालीं बर्झेलियसनें पिवळ्या पानांतील रंगास झँथोफिल हें नांव दिलें. पुढें १९०६ सालीं रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत ह्यानें पानांचा अर्क खडूच्या भुकटीच्या नळींतून झिरपविला, तेव्हां हिरवे व पिवळे पट्टे निरनिराळे दिसूं लागले. द्रव्यें ओळखतां आलीं. त्यांचें कार्य मात्र अज्ञात राहिलें.

१९४१ सालीं डटन व मॅनिंग ह्यांनीं डायटम नांवाच्या सूक्ष्म शैवालांत दाखविलें कीं, अशा द्रव्यांनीं शोषलेला प्रकाशही अन्ननिर्मितीच्या कामीं येतो. म्हणजे कॅरोटिनॉइड हा नुसता अलंकार नव्हे, तर हरितद्रव्याचा मदतनीस होय. पण त्याचें दुसरें काम अधिक मोलाचें निघालें. १९५५ सालीं स्टेनियर व त्यांचे सहकारी ह्यांनीं कॅलिफोर्नियांत जांभळ्या जंतूंचा कॅरोटिनॉइडरहित वाण तपासला. हवेवांचून उजेडांत तो वाढला, हवेंत अंधारांतही वाढला. उजेड व हवा एकत्र मिळतांच मात्र मेला. जादा तेजामुळें प्राणवायु विध्वंसक रूप घेतो, आणि त्यास आवरणारा पहारेकरीच तेथें नव्हता!

१९५७ सालीं सापोझ्निकोव्ह ह्यांस आढळलें कीं, उजेडांत पानांतील व्हायोलाझँथिन घटतें व अंधारांत पुनः भरून येतें. प्रखर उन्हांत त्यापासून झिआझँथिन बनतें. जादा तेज उष्णतेच्या रूपानें टाकून देण्याशीं त्याचा संबंध असल्याचें १९८७ सालीं बार्बारा डेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें.

आम्हां सर्वांस शाळेंत हरितद्रव्याची थोरवी शिकविली गेली. ह्या पिवळ्या सोबत्याचें नांव क्वचितच कानीं आलें. वर्सोव्याच्या खाडीवर भर दुपारीं तिवराकडे पाहतांना आतां आम्हांस कळतें कीं, झाडास ऊन घेणें जितकें अवश्य, तितकेंच तें नाकारणेंही अवश्य असतें.