पन्हळ कुणाची?

वाईच्या आमच्या जुन्या घराला दोघांपासून कायमचा धोका होता. एक पाऊस आणि दुसरे शेजारचे तात्या. पैकी पाऊस निदान चार महिन्यांनी परत जायचा.

आमचं आणि तात्यांचं घर एकमेकांना खेटून उभं. मधली भिंत सामायिक, कच्च्या विटांची आणि पांढऱ्या मातीची. आमच्या छपराचं एक पाखं तिच्याकडे उतरायचं, तात्यांचंही एक पाखं तिच्याकडेच उतरायचं, आणि दोन्हींच्या मध्ये, बरोबर भिंतीच्या डोक्यावर, जस्ती पत्र्याची एक पन्हळ होती. दोन घरांचं पाणी झेलून तिनं ते मागच्या बोळात टाकायचं, अशी योजना. प्रत्यक्षात तिच्यात तात्यांच्या शेवग्याचा पाला, आमच्या फुटक्या कौलांचे तुकडे, चिमण्यांच्या काड्या, आळीतल्या पोरांचे चेंडू आणि एकदा तर एक अख्खी चप्पल, अशी मंडळी मुक्कामाला असायची. चप्पल कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. आजीचा संशय तात्यांवर होता.

वाद साधा होता. पन्हळ साफ करायची कुणी? अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की पाला तुमच्या झाडाचा, तेव्हा तुम्ही. तात्यांचं म्हणणं असं की उतार तुमच्या अंगाला, गाळ साचतो तुमच्या टोकाला, तेव्हा तुम्ही. दोघांचंही म्हणणं इतकं रास्त होतं की पन्हळ कुणीच साफ करीना.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. एका रविवारी त्यांनी वाचनालयातून कौटिल्याचं अर्थशास्त्र आणलं आणि ओट्यावर बसून, तात्यांच्या खिडकीत बरोबर पोचेल अशा आवाजात, आईला वाचून दाखवायला सुरुवात केली. आई ताक करत होती. तिचं आणि चंद्रगुप्त मौर्याचं काही वाकडं नव्हतं, पण ती ऐकत राहिली. कौटिल्यानं हा घराघरांतला तंटा फार बारकाईनं हाताळलेला आहे. शेजारच्या दोन घरांची छपरं चार अंगुळं दूर असावीत, नाहीतर सरळ एकानं दुसऱ्यावर चढावं. घरातलं पाणी पुरेशा उताराच्या नालीतून बाहेर गेलं पाहिजे. न गेल्यास दंड ५४ पण. अण्णांनी ‘५४ पण’ तीनदा वाचलं.

तात्या कोर्टात कारकून होते. ते खिडकीतून एवढंच म्हणाले, “मास्तरांना सांगा, मौर्यांचं राज्य गेलं.” आणि पुढच्या रविवारी त्यांच्या ओट्यावरून इंग्रजांचं राज्य सुरू झालं. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२ सालचा कायदा. आपल्या मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. आमच्या आळीला त्या दुपारी दोन वाजता लागू झाला. त्यात खरोखरच वळचणीच्या पाण्याचा दाखला आहे. अमक्याला तमक्याच्या अंगणात पागोळ्या सोडण्याचा हक्क आहे. त्यानं आपण होऊन तमक्याला तिथं उंच बांधायला परवानगी दिली, तर तेवढ्यापुरता त्याचा हक्क बुडाला. शिवाय उघडपणे, बिनतक्रार, सलग वीस वर्षं पाणी सोडत राहिलात, तर तो हक्कच होऊन बसतो. तात्यांनी वीस वर्षांचा हिशेब मोठ्यानं केला.

पण पुढं एक कलम निघालं आणि तात्यांचा आवाज जरा उतरला. हक्क ज्याचा, त्याच्या डागडुजीचा खर्चही त्याचाच. त्या क्षणापर्यंत पन्हळीवर हक्क सांगायला दोन्ही घरं तयार होती. त्या क्षणापासून पन्हळ कुणाचीच उरली नाही. अण्णांनी ओट्यावरून “वा!” म्हटलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

हे १९७२ साल. दुष्काळच होता, त्यामुळे वाद कोरड्यावर राहिला आणि पन्हळ भरत गेली. मृगाच्या आधी खराटा आणि घमेलं घेऊन वर चढायचं, पाला काढायचा, तांब्याभर पाणी ओतून ते कुठं थबकतं ते पाहायचं आणि जिथं पत्रा कुजलाय तिथं डाग द्यायला माणूस बोलवायचा, हा सगळा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. दोन वर्षं तो कुणी केला नाही.

मग १९७३चा पाऊस आला. ‘वळचणीचं पाणी आढ्याला गेलं’ ही आपली म्हण अशक्य गोष्टीसाठी आहे. ज्यानं ती केली त्याच्या घरची पन्हळ कधी तुंबली नसावी. पन्हळ काठोकाठ भरली की पाणी कौलांखालून मागं सरकतं, वाशांची टोकं भिजवतं आणि मग भिंतीत उतरतं. आढ्यापर्यंत जात नाही, पण निम्मी वाट सहज चालतं. आमच्याकडे आधी भिंतीवर एक डाग उमटला. आजीला त्यात गणपती दिसला. आठवड्यानं गणपतीची सोंड जमिनीपर्यंत आली. पोपडे सुटले, भिंतीला हात लावला तर बोट आत जायला लागलं. “कुठंतरी पाणी मुरतंय,” असं अण्णा रोज म्हणायचे. कुठं ते दोन्ही घरांना पक्कं ठाऊक होतं.

आजीचं अंथरूण त्याच भिंतीला लागून असायचं. जुलैतल्या एका रात्री तिच्या कपाळावर थेंब पडला, म्हणून करवादत तिनं अंथरूण ओढून देवघरापाशी नेलं. पहाटे तीनच्या सुमाराला भिंत बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. ओलं पोतं टाकावं तशी ती खाली आली. छप्पर लाकडी खांबांवर होतं, ते तसंच राहिलं. मातीचा ढीग आजीच्या जागेवर कंबरभर उंच होता.

धूळ उठली नाही, सगळंच ओलं होतं. ढिगाच्या पलीकडे तात्या बंडीवर, हातात कंदील घेऊन उभे होते. वर्षभरानंतरचे त्यांचे पहिले शब्द होते, “अण्णा, आजी कुठंयत?”

अण्णांना बोलता येईना. त्यांनी देवघराकडे बोट दाखवलं. आजी म्हणाली, “मी आहे इथं. पण तुमच्या चुलीवरचं दूध उघडं आहे, मांजर बसलंय बघा.” दोन्ही स्वयंपाकघरं आता एकमेकांना दिसत होती.

मला इतिहासाचा नाद लागला तो या ढिगाऱ्यावरून. कुठंही गेलो की मी आधी वर बघतो. ‘पन्हळ’ हा आपला शब्द संस्कृत ‘प्रणाल’वरून आलेला. शंकराला आपण पुरी प्रदक्षिणा घालत नाही, ती अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नाही म्हणून! पन्हळीला इतका मान देणारी माणसं आपण, आणि घरच्या पन्हळीत चपला. देशावरच्या धाब्याच्या घरांना गच्चीतून बाहेर डोकावणाऱ्या पन्हळी असत आणि रस्त्यानं जाणाराचं फुकट स्नान होई. कोकणात पोफळीचं खोड उभं चिरून पोखरलं की पन्हळ तयार. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ती चपटी कौलं घाटावर आली. पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाची, १८३७ची. या दोघांचा संगम आमच्या आजोबांनी तात्यांच्या भिंतीवर घडवून आणला.

रोमन लोकांचा व्हिट्रुव्हिअस नावाचा वास्तुशास्त्री मला विशेष आवडतो. देवळाच्या वळचणीला सिंहाची मुंडकी बसवा, असं तो सांगतो. पण भोक फक्त खांबांवरच्या सिंहांना पाडा, मधल्यांना नको, नाहीतर खालून जाणारी माणसं भिजतील. दोन हजार वर्षांपूर्वी एवढा विचार! पण सिंहाच्या घशात पाला अडकला तर शिडी कुणी लावायची, यावर तोही गप्प. कान्हेरीला गेलो, तिथं भिक्षूंनी अख्ख्या डोंगरावरचं पावसाचं पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवलेलं आहे. टाकं दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. ‘पोढी’ म्हणतात त्यात टाक्याला. दरवर्षी पावसाच्या आधी त्या पन्हळींतला गाळ उपसणारा कुणीतरी असणारच, त्याशिवाय शेकडो वर्षं ती टाकी भरली नसती. मी शोधलं, मला काही त्याचं नाव दिसलं नाही. दान देणाराला खडक मिळतो, उपसणाराला घमेलं.

भिंत दोघांनी मिळून पक्क्या विटांची बांधली. खर्च निम्मा निम्मा. कलम कुणी काढलं नाही. तेव्हापासून मृगाच्या आदल्या रविवारी अण्णा वर चढायचे आणि तात्या शिडी धरायचे. दुसऱ्या वर्षी उलट. खालचा वरच्याला सूचना करायचा, वरचा त्या ऐकायचा नाही, आणि शेवटी आई दोघांना चहा द्यायची. शेवगा तोडायचा विषय दरवर्षी निघायचा आणि आमटीतल्या शेंगांपाशी संपायचा.

अण्णा गेले, तात्याही गेले. तात्यांच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे, तिचं पाणी प्लॅस्टिकच्या नळातून जातं. त्यांच्याकडचं पाखंच उरलं नाही. आमची पन्हळ आता एकट्या आमचीच. ज्या हक्कासाठी अण्णा वर्षभर भांडले, तो मला असा आयता मिळाला. आता मी चढतो आणि शिडी बायको धरते. साठीनंतर चढू नये असं ती म्हणते, पण ते शिडी धरल्यानंतर म्हणते.

मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोटो आला. शिडीवर उभा, हातात मोजे, आणि पन्हळीत लालभडक पाला. फोनवर सांगत होता, बर्फ पडायच्या आत काढावा लागतो. नाहीतर तुंबलेल्या पन्हळीत बर्फ धरतो आणि वितळलेलं पाणी छपराखालून मागं सरकत घरात येतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, आपल्याकडे त्याची म्हणसुद्धा आहे.

“शिडी कुणाची रे?” मी विचारलं.

“शेजाऱ्यांची. पालाही त्यांच्याच मेपलचा आहे, बाबा.”

“बरं,” मी घाईघाईनं विचारलं, “आणि उतार?”