हातभर अंतरावरचा एकनाथ

१२ मार्च २०२५ रोजी सय्यद आबिद अली कॅलिफोर्नियात वारले, तेव्हा ओळखीच्या दोघातिघांनी मला फोन करून हळहळ व्यक्त केली. त्यांच्या मनात वावगे काही नव्हते. मुसलमान मुलाचा लहानपणचा हिरो आबिद अलीच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. आबिद अली मला आवडायचेच. ओव्हलवर विजयाचा चौकार त्यांच्या बॅटमधून गेला होता, तो कोणाला आवडणार नाही? पण माझे सुतक त्याआधी वीस वर्षे होऊन गेले होते. माझा हिरो एकनाथ सोलकर. २६ जून २००५ला, रविवारी, तो मुंबईत हृदयविकाराने गेला. वय अवघे सत्तावन्न.

सोलकर आमच्याकडे रेडिओतून आला. हिंगणघाटच्या आमच्या मोहल्ल्यात टीव्ही कोणाकडेच नव्हता. फलंदाजाचा फटका रेडिओवर कळतो, कारण टाळ्या ऐकू येतात. जवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक मात्र रेडिओवर दिसतच नाही. समालोचक त्याची जागा एकदा सांगतो आणि विसरून जातो. मग अचानक आरडाओरडा होतो आणि त्यात एकच नाव: सोलकर! तो कुठून आला, कसा झेपावला, हे ज्याचे त्याने मनात उभे करायचे. मला वाटते, मला पहिली कविता इथे भेटली. पण ते राहू द्या.

फॉरवर्ड शॉर्ट लेग ही जागा म्हणजे फलंदाजाच्या बॅटपासून हातभर. तेव्हा डोक्याला हेल्मेट नव्हते. कसोटीत हेल्मेट दिसू लागले ते १९७८ साली, आणि सोलकरची शेवटची कसोटी १९७७च्या जानेवारीतली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीचे आपण गोडवे गातो. पण बॅटची कड घेऊन उडालेला चेंडू कोणी पकडलाच नसता, तर त्या फिरकीचे काय झाले असते? २७ कसोटींत ५३ झेल, म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. आमच्या गल्लीत कॉर्कच्या चेंडूसमोर तिथे उभे राहायला आधी कोणी तयार नसे. सोलकरनंतर त्या जागेसाठी भांडणे होऊ लागली.

२३ ऑगस्ट १९७१चा ओव्हलचा झेल मला बडे भाईंनी सांगितला. मी तेव्हा फार लहान. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट खेळायला आला होता. वेंकटचा चेंडू, नॉटची बॅट पुढे, आणि सोलकर पोटावर आडवा, चेंडू गवतापासून चार बोटांवर. नॉटची धाव एक. इंग्लंड १०१ला गारद झाले, चंद्रशेखरला ३८ धावांत ६ बळी मिळाले आणि भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. विजयाच्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि मैदानावर चक्क हत्तीण आणली होती. हत्तिणीचा भाग बडे भाईंनी रचलेला असावा, असे मला बरीच वर्षे वाटत होते. तो अगदी खरा निघाला.

आता वर्ध्याची गोष्ट. सोलकरचे वडील मुंबईच्या पी. जे. हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करत. कुटुंब मैदानाच्या कडेलाच एका खोलीत राहायचे. लहानपणी एकनाथ तिथल्या धावफलकाचे आकडे बदलायचा. मरीन ड्राइव्हवर हिंदू, इस्लाम, पारशी असे जिमखाने शेजारी शेजारी आहेत, आणि एकेकाळी हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'बाकीचे' अशा पाच संघांची पंचरंगी स्पर्धा मुंबईत गाजत असे. डिसेंबर १९४०मध्ये ह्याच हिंदू जिमखान्याची माणसे ह्या स्पर्धेबद्दल सल्ला मागायला वर्ध्याला गांधीजींकडे आली. दोनच महिने आधी पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता, माणसे तुरुंगात जात होती. गांधीजींनी सांगितले की, अशा वेळी सामने नकोत. आणि धर्माधर्माचे संघ तर मुळातच नकोत. ते त्यांना पटत नव्हते. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खेळला, पण १९४६ साली स्पर्धा बंद पडली ती कायमची.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८ मार्च १९४८ला, एकनाथ जन्मला. आणि ओव्हलवर काय चित्र होते? यष्टीमागे पारशी फारुख इंजिनिअर, गोलंदाज शीख बेदी, आणि लेगला फलंदाजाला घेरून वाकलेले दोघे: एक हैदराबादचे आबिद अली, दुसरा हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. वर्ध्यात दिलेल्या सल्ल्याला एवढे सरळ उत्तर इतिहासाने दुसरे कुठे दिले असेल, असे मला वाटत नाही.

सोलकरला केवळ झेलवाला म्हणणेही बरोबर नाही. १९७१लाच किंग्स्टनला भारताचे ५ बाद ७५ झाले असताना तो दिलीप सरदेसाईंसोबत उभा राहिला. सरदेसाईंनी २१२ केल्या, ह्याने ६१, भागीदारी १३७ची. वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीत, जानेवारी १९७५मध्ये, त्याने १०२ धावा केल्या. तेवढेच त्याचे कसोटी शतक. ते मात्र मी स्वतः, पानठेल्यावरच्या रेडिओशी कान लावून ऐकले. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ पुढे ते झाकले गेले आणि आपण सामनाही हरलो.

२७ जून २००५च्या सोमवारी पेपरात बातमी आली. मी पेपर घडी करून बडे भाईंकडे गेलो. पाऊस लागला होता, ते ओट्यावर बसले होते. बातमी त्यांनी आधीच वाचली होती. "एकनाथ गेला," ते म्हणाले, "सत्तावन्न म्हणजे काही वय नाही." चहा आला, निवला. शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा आमची तोंडे बघून विचारू लागला, कोण वारले? नातेवाईक होते का? बडे भाईंनी त्याला बसायला सांगितले आणि नॉटच्या पहिल्या डावातल्या ९०पासून सुरुवात केली.