क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग: इंजिन उघडल्यावर नेमकं काय मोजतात?

कारच्या इंजिनातून खालच्या बाजूने ठक-ठक आवाज येतोय, ऑइलचा लाल दिवा लागलाय आणि गॅरेजवाला म्हणतो, "बेअरिंग गेलं, क्रँक उतरवावा लागेल." आपल्याला एवढंच कळतं की खर्च मोठा आहे. काम नीट झालं की नाही, हे ओळखायला मात्र मेकॅनिक असण्याची गरज नाही. कुठे काय मोजायचं असतं, हे माहीत असलं तरी पुरे.

क्रँकशाफ्ट कशावर फिरतो?

पिस्टन वर-खाली होतो, पण चाकाला गोल फिरणं हवं. हा बदल क्रँकशाफ्ट करतो. ३००० आरपीएमला तो सेकंदाला ५० वेळा फिरतो. त्याच्या गुळगुळीत गोल भागांना जर्नल म्हणतात. मेन जर्नल ब्लॉकमध्ये बसतात आणि क्रँकपिनला कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो. मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनात चार मेन जर्नल आणि तीन क्रँकपिन असतात.

इथलं बेअरिंग म्हणजे सायकलसारखे छर्रे नव्हेत. ते दोन अर्धगोल शेल असतात: मागे स्टील, आत मऊ धातूचा थर. गंमत म्हणजे इंजिन चालू असताना जर्नल या शेलला जवळजवळ टेकतच नाही. फिरणारं जर्नल ऑइल आपल्यासोबत ओढून घेतं आणि त्या ऑइलच्या थरावर तरंगतं. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर यांच्या प्रयोगात बेअरिंगच्या भोकातलं लाकडी बूच ऑइलच्या दाबाने बाहेर ढकललं गेलं होतं. असं का होतं, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं.

या थरासाठी लागणारी फट बऱ्याच कार इंजिनांत ०.०२ ते ०.०६ मिमी असते, म्हणजे साधारण एका केसाएवढी किंवा त्याहून कमी. फट जास्त झाली तर ऑइल बाजूने निसटतं, दाब पडतो आणि ठोका येतो. फार कमी झाली तर ऑइलला जागाच उरत नाही, धातू धातूला घासतो आणि इंजिन जाम होऊ शकतं. म्हणूनच हे काम अंदाजाने करायचं नसतं.

उघडताना

• प्रत्येक कॅपवर नंबर आणि पुढच्या बाजूची खूण हवी. मेन कॅप्स ब्लॉकला बसवूनच भोकं मशीन केलेली असतात, त्यामुळे अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही. रॉडच्या कॅपचंही तसंच.
• जुने शेल लगेच फेकू नका. खोल ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. एकाच बाजूने जास्त झीज असेल तर क्रँक किंवा रॉड वाकल्याची शंका घ्यायची.

मोजताना

• मायक्रोमीटरने जर्नल दोन टोकांना आणि दोन दिशांना मोजतात. त्यावरून ते लंबगोल झालंय का, एका बाजूला निमुळतं झालंय का ते कळतं.
• क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवतात आणि डायल गेजने वाक तपासतात.
• झीज मर्यादेबाहेर असेल तर जर्नल ग्राइंड करतात, उदा. ०.२५ मिमी, आणि मग तेवढेच अंडरसाइज शेल टाकतात. ग्राइंड न करता जाड शेल बसवणं किंवा ग्राइंड करून स्टँडर्ड शेल टाकणं, दोन्ही चूक.

बांधताना

१. ग्राइंडिंगचा कीस क्रँकच्या ऑइल होलमध्ये अडकतो. ब्रशने आणि हवेच्या प्रेशरने ती भोकं साफ करायची. तसंच बांधलं तर नवे शेल लवकरच खराब होतात.

२. शेलची मागची बाजू आणि ती बसते ती जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. शेलचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोर यायला हवं.

३. आता फट तपासायची. प्लास्टिगेज नावाचा मऊ दोरा कोरड्या जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळतात. क्रँक अजिबात फिरवायचा नाही. कॅप काढली की चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. जास्त चपटा, म्हणजे फट कमी.

४. दोरा पुसून शेलच्या आतल्या बाजूला ऑइल लावायचं. मेन कॅप्स मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायच्या. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात.

५. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा. अडकला तर तिथेच थांबायचं.

६. शेवटी क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते मोजतात. ही फट थ्रस्ट वॉशर ठरवतात.

प्रत्येक फटीचा आणि टॉर्कचा नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचा. दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना नवं ऑइल, नवा फिल्टर. इंजिन पेटू न देता आधी स्टार्टरने थोडं थोडं फिरवून ऑइलचा दाब तयार होऊ द्यायचा आणि मगच स्टार्ट करायचं.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

जर्नलची मापं किती आली? कुठल्या साइजचे शेल टाकले? फट कशी तपासली? टॉर्क रेंच वापरला का? चांगला मेकॅनिक ही उत्तरं आकड्यांत देतो.

आणि गाडी चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका. सुरक्षित जागी थांबून लगेच इंजिन बंद करा. त्या वेळी नुसते शेल बदलून भागू शकतं. तसंच रेटत राहिलात, तर क्रँक आणि ब्लॉकही जाऊ शकतो.