तीन जयपूर: ठरावीक मूल्यांच्या यादीचा एक धडा

एखाद्या रकान्यात ठरावीक मूल्येच यावीत, असे बंधन डेटाबेसमध्ये कसे घालावे? हा प्रश्न रिलेशनल पद्धतीइतकाच जुना आहे. एडगर कॉड यांनी १९७० च्या लेखात ही पद्धत मांडली, तेव्हाच प्रत्येक रकान्याला 'डोमेन', म्हणजे मान्य मूल्यांचा संच, असतो असे धरले होते. पुढे त्यासाठी तीन वाटा रूढ झाल्या: चेक अट, एनम प्रकार, आणि फॉरिन कीने जोडलेला संदर्भ तक्ता. यांतली कोणती कधी निवडावी, हे राजस्थानातील जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासावरून नीट समजते.

जुलै २०२३ पर्यंत राजस्थानात ३३ जिल्हे होते. ऑगस्टमध्ये ते ५० झाले. जयपूर जिल्ह्यातून जयपूर ग्रामीण व दूदू हे जिल्हे निघाले. कोटपुतलीचा भाग कोटपुतली-बहरोड या नव्या जिल्ह्यात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या सरकारने ९ जिल्हे रद्द केले आणि संख्या ४१ वर आली. जयपूर ग्रामीण व दूदू पुन्हा जयपूरमध्ये आले. कोटपुतली मात्र परतले नाही.

आता समजा, दाखल्यांच्या तक्त्यात तुम्ही 'जिल्हा' हा रकाना ठेवला आहे. चेक अटीतून 'दूदू' वगळायला गेलात, तर जुन्या नोंदी नव्या अटीत बसत नाहीत. पोस्टग्रेसच्या एनममध्ये मूल्य वाढवता येते, काढता येत नाही. जुन्या नोंदींत 'जयपूर' भरले तर अट जुळते. पण माणसाच्या हातातल्या दाखल्यावर दूदू आणि संगणकात जयपूर, अशी तफावत राहते. हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.

म्हणून जिल्ह्यांचा स्वतंत्र तक्ता करा: क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. दूदूची ओळ पुसू नका. तिची शेवटची तारीख भरा. प्राथमिक की क्रमांकाला द्या, नावाला नको. कारण 'जयपूर' हे नाव तेच राहिले, तरी २०२३ पूर्वीचे, मधले आणि आजचे जयपूर यांच्या सीमा वेगळ्या आहेत. त्या तीन ओळी होतात. फॉरिन की फक्त ओळ आहे की नाही एवढेच पाहते. नोंदीची तारीख त्या मुदतीत बसते का, हे ट्रिगर लिहून तपासावे लागते.

आठवड्याचे वार चेक अटीत खुशाल ठेवा. सरकारी निर्णयाने बदलणारी यादी मात्र तक्त्यातच ठेवा.

स्वाध्याय: १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. तुमच्या तक्त्यात ठाण्याच्या किती ओळी होतील, ते तारखांसह मांडून पाहा.